तापमानाचे आकडे सगळीकडे जुळतात, मग २०५० च्या पावसाचे का जुळत नाहीत?

समजा, तुम्ही साताऱ्यातल्या वाईचे. २०५० साली तालुक्यात पाऊस किती पडेल हे तीन वेबसाइटवर शोधलंत आणि तीन वेगळी उत्तरं मिळाली, तापमानाचं मात्र जवळपास एकच. यात कुणाची लबाडी नाही. हे आकडे क्लायमेट मॉडेलमधून येतात, म्हणजे संगणकावर चालवलेल्या पृथ्वीच्या हवामानाच्या गणितातून. पाणलोटाच्या कामांसाठी मी त्यांच्या फायली नेहमी उपसते. तापमानाबद्दल मॉडेल काय म्हणतं ते मी ऐकून घेते, पावसाबद्दल त्याला काय विचारायचं हे आधी ठरवते.

तापमान हा मुळात ऊर्जेचा जमाखर्च आहे. स्युकुरो मानाबे आणि रिचर्ड वेदरल्ड या हवामानशास्त्रज्ञांनी १९६७ मध्ये, त्या काळच्या तुटपुंज्या संगणकावर, कार्बन डायऑक्साइड दुप्पट झाला तर पृथ्वी सुमारे २.३ अंशांनी तापेल असं काढलं होतं. आजचा अंदाज ३ अंशांच्या आसपास आहे. खालची हवा तापताना स्थितांबर, म्हणजे वातावरणाचा वरचा थर, थंड होईल, हेही त्याच गणितातून निघालं आणि पुढे मोजमापांत तसंच दिसलं. मानाबेंना २०२१ चं नोबेल उगाच नाही मिळालं.

पावसाचं घोडं दोन ठिकाणी अडतं. पहिलं, चौकोन. जागतिक मॉडेल पृथ्वीचे साधारण १०० ते २५० किलोमीटरचे चौकोन पाडतं आणि प्रत्येक चौकोनाला एकच आकडा देतं. तुमचाच जिल्हा घ्या. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच-सहा हजार मिलिमीटर, दहिवडीकडे पाचशेच्या आसपास, आणि हे दोन्ही एका चौकोनात बसू शकतात! त्यात सह्याद्रीचा कडा म्हणजे नुसता एक पसरट चढ होतो. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला ९४४ मिमी पडला, त्याच दिवशी कुलाब्यात ७३. असला ढग चौकोनापेक्षा कितीतरी लहान, म्हणून मॉडेल तो प्रत्यक्ष घडवत नाही, एका ठोकताळ्याच्या सूत्राने त्याची भरपाई करतं. प्रत्येक संस्थेचं सूत्र वेगळं, म्हणून उत्तरंही वेगळी.

जूनची दैनंदिन फाइल उघडली की हे लगेच दिसतं. रोज दोन मिमी, तीन मिमी, परत दोन. महिन्याची बेरीज कधीकधी बरी येते, पण असा पाऊस आपल्याकडे पडतो कुठे? आठवडाभर कोरडं आणि मग एका दुपारी बांध फुटतात. ज्याला बंधाऱ्याच्या सांडव्याचं माप ठरवायचंय त्याला त्या बेरजेचा उपयोग शून्य.

दुसरी अडचण ओढाताणीची. हवा १ अंशाने तापली की तिच्यात साधारण ७ टक्के जास्त बाष्प मावतं, त्यामुळे पाऊस वाढायला हवा. पण धूर-धुळीचे कण ऊन अडवतात, जमीन कमी तापते आणि मान्सून मंदावतो. १९५१ ते २०१५ मध्ये देशाचा मान्सूनचा पाऊस सुमारे ६ टक्क्यांनी घटला, त्यातही गंगेच्या मैदानात आणि पश्चिम घाटात जास्त. या कणांचा त्यात मोठा हात असल्याचं मानलं जातं. पुढे हे कण कमी होतील आणि मान्सूनचा पाऊस वाढेल असं बहुतेक मॉडेल म्हणतात, पण किती आणि कधीपासून, यावर त्यांचं जमत नाही. त्यातली बरीच मध्य भारतावर आजचाच पाऊस कमी दाखवतात, ही गोष्ट वेगळीच.

म्हणून मी मॉडेलचे मिलिमीटर थेट उचलत नाही. आधी त्याच मॉडेलचा जुना काळ, समजा १९८१ ते २०१०, हवामान खात्याच्या नोंदींशी ताडून बघते. जे मॉडेल आपला मान्सून वेळेवर आणूही शकत नाही ते बाजूला. उरलेल्यांमधून फक्त बदलाची टक्केवारी घेते आणि ती प्रत्यक्ष नोंदींना लावते. दहा मॉडेलांतली आठ एकाच दिशेला असतील तर त्याला वजन. निम्मी इकडे, निम्मी तिकडे असतील तर सरासरी काढून स्वतःची समजूत घालत नाही, दोन्ही टोकं अहवालात लिहिते. मुसळधार दिवस वाढणार, यावर मात्र मॉडेलांचं बऱ्यापैकी एकमत असतं आणि मध्य भारताच्या नोंदींतही ते दिसतंय. सांडव्याला तेच पुरतं. वर्षाची बेरीज दशांशापर्यंत देणारी वेबसाइट मी तरी वापरत नाही.

स्वतः करून बघायचं असेल तर हवामान खात्याच्या पुणे कार्यालयाच्या साइटवर १९०१ पासूनचा रोजचा पाऊस फुकट मिळतो. तिथेही चौकोन अक्षांश-रेखांशाच्या पाव अंशाचा, म्हणजे साधारण २५ किलोमीटरचा आहे, महाबळेश्वर आणि पाचगणी त्यात एकत्र येतात. तेव्हा तुमच्या महसूल मंडळातल्या पर्जन्यमापकाच्या नोंदी मिळवून शेजारी ठेवा. मॉडेलची फाइल त्यानंतर उघडा.