पन्नाशी उलटली की क्लस्टर डोकेदुखी थांबते का?

(ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.)

"पन्नाशीनंतर हे आपोआप जातं म्हणतात. म्हणजे आणखी चार वर्षं काढायची, एवढंच ना?"

विचारणाऱ्या गृहस्थांचं वय ४६. तिशीपासून त्यांना क्लस्टर डोकेदुखीची सत्रं येतात. एक सत्र सहा ते आठ आठवड्यांचं. रोज रात्री झोप लागून तास-दीड तास झाला की उजव्या डोळ्यामागे कळ उठते. डोळा लाल होतो, पाणी गळतं, त्याच बाजूची नाकपुडी चोंदते, पापणी उतरते. पाऊण तास ते येरझाऱ्या घालतात, कपाळ भिंतीवर दाबून धरतात. अर्धशिशीचा रुग्ण अंधारात निपचित पडून राहतो, यात मात्र एका जागी बसवत नाही. जवळ गेलं की ते हात झटकतात, म्हणून पत्नीला वाटायचं, राग आपल्यावरच आहे.

वयाच्या प्रश्नाचं उत्तर अर्धं दिलासा देणारं आहे. हा आजार बहुधा विशी ते चाळिशीत सुरू होतो. पुढे अनेकांच्या दोन सत्रांमधलं अंतर लांबत जातं आणि काहींची सत्रं कायमची थांबतात. पण त्याला पन्नाशीची अशी रेघ नाही. काहींना साठीनंतरही सत्रं येतात. थोड्यांच्या बाबतीत उलटं होतं: वर्षभरात सलग तीन महिनेही मोकळे मिळत नाहीत, आणि मग त्याला जुनाट प्रकार म्हणतात. तो पुन्हा सत्रांवर येऊ शकतो. कोण कुठल्या वाटेने जाईल, हे आधी सांगणारी तपासणी आज नाही.

त्यांना आठवतील तेवढ्या सत्रांच्या तारखा कागदावर लिहायला सांगितल्या. सुरुवातीची अंतरं चौदा-पंधरा महिन्यांची होती, शेवटची दोन एकोणीस आणि सव्वीस महिन्यांची. कागदाकडे ते बराच वेळ बघत राहिले. आशेला एवढा आधार पुरेसा आहे. "चार वर्षं काढायची" या हिशोबात मात्र धोका होता, कारण त्यापायी त्यांनी उपचारच पुढे ढकलले होते. कळ आली की पॅरासिटामॉल घ्यायचे. ती गोळी असर करेपर्यंत झटका ओसरत आलेला असतो, आणि या वेदनेपुढे तिचं फारसं चालतही नाही.

झटका थांबवायला ऑक्सिजन देतात. तो त्यांनी पूर्वी एकदा घेऊन पाहिला होता, "काही उपयोग नाही" म्हणून सोडला होता. विचारल्यावर कळलं: साधा मास्क, मिनिटाला चार लिटर, तोही कळ शिगेला पोचल्यावर. लागतो तो १०० टक्के ऑक्सिजन, मिनिटाला १२ ते १५ लिटर, पिशवी जोडलेल्या नॉन-रीब्रीदर मास्कमधून. कळ सुरू होताच बसून, १५ ते २० मिनिटं. घरगुती कॉन्सन्ट्रेटरला सहसा एवढा प्रवाह झेपत नाही, त्यामुळे सिलिंडरच हवा. फुप्फुसांचा जुना आजार असेल तर आधी डॉक्टरांना विचारायचं. आणि त्या खोलीत विडी-सिगारेट, आगकाडी अजिबात नको. हे गृहस्थ धूम्रपान करतात, म्हणून पत्नीलाही हे बजावून सांगितलं.

वय खरं आडवं येतं ते औषधांच्या निवडीत. सुमाट्रिप्टानचं ६ मिलिग्रॅमचं त्वचेखालचं इंजेक्शन झटका लवकर तोडतं, २४ तासांत जास्तीत जास्त दोन. पण ते रक्तवाहिन्या आकुंचित करतं. हृदयविकार किंवा आटोक्यात नसलेला रक्तदाब असेल तर ते चालत नाही. तंबाखू सोडल्याने डोकेदुखी थांबेल असं वचन देता येत नाही, पण हृदय सांभाळलं तर हा उपाय हाताशी राहतो. प्रतिबंधासाठी व्हेरापॅमिल सत्र सुरू होताच घ्यायचं. त्याने हृदयातला विद्युतप्रवाह मंदावू शकतो, म्हणून आधी आणि मात्रा वाढवताना ईसीजी हवाच. ते लागू पडायला आठवडा-दोन आठवडे जातात. तेवढ्यापुरते डॉक्टर थोड्या दिवसांचे स्टेरॉइड देतात. सत्र चालू असताना दारूचा एक घोटही झटका आणू शकतो.

एक प्रश्न या आजारात टाळता कामा नये: "कळ चालू असताना जीव द्यावासा वाटतो का?" थोडं थांबून त्यांनी "हो" म्हटलं. मग पत्नीसमोरच ठरवलं: अशा वेळी कुणाला उठवायचं, कुणाला फोन करायचा, घरातल्या कोणत्या वस्तू सत्र संपेपर्यंत दुसरीकडे ठेवायच्या, आणि विचार आवरेनासा झाला तर थेट आपत्कालीन विभागात जायचं. पत्नीने कळ चालू असताना बोलायचं नाही, हात लावायचा नाही, मास्क आणून द्यायचा आणि घड्याळ बघायचं.

पन्नाशीनंतर कपाळाच्या बाजूला नव्या तऱ्हेचं दुखणं सुरू झालं, चावताना जबडा भरून आला, केस विंचरताना टाळू दुखली किंवा धूसर दिसू लागलं, तर जुनाच आजार समजून वाट बघायची नाही. रक्तवाहिनीच्या दाहातही असं होतं आणि उपचाराला उशीर झाला तर दृष्टी जाऊ शकते. त्याच दिवशी डॉक्टरांकडे जायचं.