चिंता आणि आघातावरील उपचार: हे काम आयुष्यभर करता येते का?

मानसशास्त्रात एम.ए. करणाऱ्या अनेकांना दोन शंका असतात: चिंता आणि मानसिक आघात (ट्रॉमा) यांवर उपचार करण्याचे काम आयुष्यभर करता येते का, आणि रोज इतरांचे दुःख ऐकून आपणच खचत नाही का? मी हे काम मुंबईत २२ वर्षे करते आहे.

पात्रतेचे थोडक्यात सांगते. 'क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट' म्हणून काम करायला भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी लागते आणि ती नुसत्या एम.ए.वर मिळत नाही. अभ्यासक्रमांची रचना सध्या बदलत असल्यामुळे प्रवेशापूर्वी परिषदेची मान्यता स्वतः तपासावी.

खचण्याच्या शंकेमागे असा समज दिसतो की आमचे काम ऐकण्याचे आणि धीर देण्याचे आहे. वास्तविक आमची गाठ असते ती टाळण्याशी. गर्दीच्या लोकलमधून पडता पडता वाचलेला माणूस आधी दारात उभे राहणे सोडतो, मग गर्दीची वेळ, मग लोकलच, आणि शेवटी नोकरीही बदलतो. दर वेळी त्याला सुटल्यासारखे वाटते, आणि त्या सुटकेनेच भीती पक्की होत जाते. उपचारात आम्ही हाच जिना उलट चढतो: दुपारी फलाटावर नुसते उभे राहायचे, थांबलेल्या गाडीत चढून उतरायचे, मग एक स्थानक. मानसशास्त्रज्ञ एडना फोआ यांच्या आघातावरील उपचारपद्धतीत तर प्रसंगाची आठवणही डोळे मिटून, वर्तमानकाळात, पुन्हा पुन्हा सांगायची असते. सुमारे ९० मिनिटांची ८ ते १५ सत्रे लागतात.

सुरुवातीच्या वर्षांत, रुग्ण कथनातल्या सर्वांत अवघड जागी आला की मी पाण्याचा पेला पुढे करत असे. त्याला मी माया समजत होते. रुग्णांच्या संमतीने केलेली ध्वनिमुद्रणे ऐकून माझ्या सुपरव्हायजर बाईंनी एवढेच विचारले, "तहान नक्की कोणाला लागली होती?" टाळत मीच होते, आणि ही गोष्ट ऐकवण्याजोगी नाही, असे रुग्णाला न बोलता सांगत होते.

अर्थात प्रत्येकाला लगेच बोलते करणे हाही अडाणीपणाच. दुर्घटनेनंतर लगोलग एकाच बैठकीत सगळे वदवून घेण्याची पद्धत जागतिक आरोग्य संघटनेने नाकारली आहे. त्या वेळी निवारा, झोप आणि आपली माणसे यांची गरज अधिक असते. घरातली मारहाण अजून चालूच असेल, तर आधी सुरक्षिततेचा विचार करावा लागतो.

हे काम सोडून गेलेले जे सहकारी मला ठाऊक आहेत, ते दुःख ऐकून गेले असे मला वाटत नाही. दिवसाला आठ-आठ सत्रे घेऊन आणि चुका दाखवायला कोणी नसल्याने ते थकले. मी आघाताची तीनच सत्रे एका दिवसात घेते, आणि आजही दर पंधरवड्याला माझे काम दुसऱ्याला दाखवते. (त्यामुळे उत्पन्न कमी होते, हेही खरे.) इंटर्नशिप निवडताना म्हणूनच विद्यावेतनाच्या आधी विचारा की आपली सत्रे कोण ऐकणार आणि किती वेळा.