काटा कुणाकडे तोंड करून आहे?

जळगाव,
आखाजीचा दुसरा दिवस

प्रिय पोरी,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मिळालं. सणाला निम्म्या बाया आल्या नाहीत, केळी पेट्यांत भरणाऱ्या तुमच्या पॅकहाउसची लाइन अडली आणि तू तक्त्यावर 'गैरहजेरी' म्हणून लाल खूण केलीस. नोकरीच्या पहिल्या वर्षी मीही तेच केलं असतं. पण आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, आपल्या खानदेशात दिवाळीच्या तोडीचा सण. सासरी गेलेली लेक माहेरी येते, झाडाला झोके बांधले जातात, गाणी रंगतात. ही तारीख पंचांगात वर्षभर आधी छापलेली असते. मग त्या दिवशी केळीची कापणी लावली कुणी? टोयोटा या जपानी मोटार कंपनीच्या उत्पादन पद्धतीत कामाच्या अशा चढउताराला 'मुरा' म्हणतात. हा मुरा बायांनी आणलेला नाही, तुमच्या कापणीच्या वेळापत्रकाने आणला. ती लाल खूण आजच पुस.

आता तुझा खरा प्रश्न. कामातलं वाया जाणं आणि चढउतार मोजून कमी करणारं लीन आणि सिक्स सिग्मा तू शिकून आलीस, त्यावर कंपनीने डिझाइन थिंकिंगची, म्हणजे वापरणाऱ्याच्या नजरेने अडचण बघून कच्चे नमुने करत उपाय शोधण्याची, कार्यशाळा घेतली, आणि आता दोन्हींची सांगड कशी घालायची, आधी काय करायचं, हे तुला कळेना.

दहा-बारा वर्षांपूर्वी रावेर तालुक्यातल्या एका पॅकहाउसने मला बोलावलं होतं. घड येतो, फण्या सुट्या होतात, हौदात चीक धुतला जातो, प्रतवारी, वजन, मग 13 किलोची पेटी. सगळा माल वजनाशी तुंबायचा. मी घड्याळ लावून मोजलं. काट्यावरची बाई दर पेटीला दोन-चार वेळा फणी काढायची, दुसरी ठेवायची. मी वहीत लिहिलं, 'पुनर्काम'. उपाय म्हणून प्रशिक्षण दिलं आणि रोजच्या पेट्यांचं उद्दिष्ट ठरवून दिलं. वेग वाढला, मालक खूश झाले. पंधरा दिवसांनी कळलं की पेट्या जड जाताहेत. वजन कमी भरलं तर बोलणी बसायची, जास्त भरलं तर कुणी काही म्हणत नव्हतं. घाईत तिने स्वतःला सांभाळलं, आणि फळ फुकट जाऊ लागलं.

तेव्हा मी उपडं क्रेट घेऊन तिच्या शेजारी सकाळभर बसलो. काट्याचे आकडे सुपरवायझरच्या टेबलाकडे तोंड करून होते. ती प्रत्येक वेळी कमरेत वाकून, मान वळवून बघायची, आणि दारातून ऊन आलं की लाल आकडे दिसेनासेच व्हायचे. मी विचारलं तर म्हणाली, "भाऊ, काटा त सायबाकडे तोंड करीसन बसेल आहे. मले कसा दिसीन?"

इतके दिवस मी तिच्या हातांच्या हालचाली मोजत होतो. तिला काय दिसतंय हे एकदाही पाहिलं नव्हतं.

काटा फिरवला, ही सोपी गोष्ट. दुसरी तिनेच सुचवली. पेटी भरत आली की शेवटची फणी नेमक्या वजनाची लागते, आणि ढिगात ती सापडत नाही. बाद झालेली खोकी कापून आम्ही तीन ट्रे केले: लहान, मध्यम, मोठी फणी. मी ते खाली मांडले होते, तिने तासाभरात उचलून कमरेच्या उंचीवर घेतले. दोन दिवस पुठ्ठ्यावर चाललं, मग लोहाराकडून स्टँड करून घेतला. त्यानंतर पुन्हा घड्याळ काढलं, रोजची वजनं तक्त्यावर मांडली, फरक किती राहतो ते बघत राहिलो. मोटोरोला कंपनीत 1986 साली सिक्स सिग्मा सुरू झालं ते हेच चढउतार आवळण्यासाठी. दहा लाख संधींमागे 3.4 चुका हे त्याचं प्रसिद्ध माप. आपल्या काट्यावर त्या मापाची गरज नव्हती, पण रोज नोंदीची सवय हवी होती.

घड्याळ नसतं तर काम वजनाशी अडतंय हे मला कळलं नसतं. तिथे का अडतंय हे मात्र क्रेटवर बसल्यावर कळलं. म्हणून तुला क्रम सांगतो: ढोबळ मोजून जागा शोध, तिथे जाऊन बस, जे सुचेल ते पुठ्ठ्याचं करून काम करणाऱ्याच्याच हातात दे, आणि ते टिकतंय की नाही हे पुन्हा मोज. कार्यशाळेतल्यासारख्या भिंतीवर रंगीत चिठ्ठ्या चिकटवायची घाई करू नकोस. ज्यांचं काम बदलणार त्या बायाच त्या खोलीत नसतील तर त्या चिठ्ठ्यांना अर्थ नाही.

या दोन विद्या एकमेकींना परक्या आहेत असंही समजू नकोस. टोयोटा समूहाचे संस्थापक साकिची टोयोडा यांनी लहानपणी आईला हातमागावर राबताना पाहिलं आणि माग सुधारायला घेतला. सूत तुटलं की आपोआप थांबणारा त्यांचा माग पुढे टोयोटाच्या पद्धतीचा एक खांब झाला. शिगेओ शिंगो हे जपानी अभियंते चूक होऊच नये अशा योजनेला आधी 'बाका-योके' म्हणायचे, म्हणजे मूर्खापासून बचाव. एका कारखान्यात ते ऐकून एक कामगार स्त्री रडली: मी काय मूर्ख आहे का? शिंगोंनी नाव बदलून 'पोका-योके' केलं, चुकीपासून बचाव. योजना तीच राहिली, पण दोष माणसावरून उतरला. तू पाटी लिहिशील तेव्हा हे लक्षात ठेव.

पाट्यांवरून आठवलं. सातपुड्याच्या पायथ्याहून येणाऱ्या पावरा बायांसाठी तू मराठीत बारा ओळींचा तक्ता लावलास म्हणतेस. त्यांची बोली वेगळी, आणि कितीजणींना वाचता येतं हे तू विचारलंस का? त्यांच्याच हातांचे फोटो काढून लाव.

आणखी एक, आणि हे मला अजून बोचतं. एका कारखान्यात मी बायांच्या पाण्यासाठीच्या फेऱ्या कमी व्हाव्यात म्हणून माठ लाइनपासून दूर, शेडच्या दुसऱ्या टोकाला हलवला होता. कागदावर फेऱ्या कमी झाल्या. मे महिना, पारा 45 च्या पुढे, पत्र्याची शेड. बायांनी पाणी पिणंच कमी केलं, आणि एकीला भोवळ आली. 'मुडा' म्हणजे वाया जाणं मी शोधत होतो. 'मुरी', म्हणजे माणसावर झेपेल त्याहून जास्त ओझं, माझ्या तक्त्यात नव्हतंच. दुसऱ्या दिवशी मी माठ स्वतः उचलून परत आणला, पण त्या बाईची नजर मला आजही आठवते. तुझ्या तक्त्यात मुरीचा रकाना आधी आखून ठेव.

मालकांशी बोलायचं तेही आधीच बोल. वाचलेल्या वेळाचं काय करणार हे काम सुरू होण्यापूर्वी ठरवून घे. वेळ वाचला म्हणून दोघींना घरी पाठवलं, की तिसरी तुला पुन्हा काहीही सांगणार नाही.

सोमवारी घड्याळ टेबलावर ठेव आणि दोन तास हौदावर उभी राहून फण्या धू. कंबर, खांदा, बोटं, काय आणि केव्हा दुखायला लागलं ते मला लिही. जुना शर्ट घालून जा. केळीचा चीक कपड्यावरून निघत नाही.

तुझा,
काका