वीस हजारांची फी: ॲप की आईचे झुबे?

प्रश्न: मी पुण्यात इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. गाव औसा तालुक्यात, वडिलांचं शिवणकामाचं दुकान. कॉलेजची वीस हजार फी थकलीय. पंधरा दिवसांत भरली नाही तर परीक्षेचा फॉर्म घेणार नाहीत. महाडीबीटीवर शाहू महाराज शिष्यवृत्ती मंजूर दिसते, पैसे मात्र आलेले नाहीत. एका ॲपवर दहा मिनिटांत वीस हजार मिळतायत: तीन हप्ते, महिना तीन टक्के. आई म्हणते, माझे झुबे बँकेत ठेव. ते मला नको वाटतं. ॲपचं घेऊ का?

उत्तर: नको घेऊस.

तू पाठवलेला स्क्रीनशॉट घेऊन मी हिशेब मांडला. प्रोसेसिंग फी १,५००, त्यावर १८ टक्के जीएसटी २७०, आणि कुणी न मागितलेला विमा ४९९. म्हणजे खात्यात येणार १७,७३१. फी वीस हजार आहे, तेव्हा २,२६९ रुपये पहिल्याच दिवशी कमी पडले. परतफेड मात्र पूर्ण वीस हजारांवरच्या व्याजासकट २१,८००, दरमहा ७,२६७. आधीच कापलेली रक्कम धरली तर हे 'महिना तीन टक्के' वर्षाच्या भाषेत १३० टक्क्यांच्या पुढे जातं. आमच्या गावचा सावकारसुद्धा एवढा दर सांगताना जरा चाचरला असता.

पण व्याज बाजूला ठेव. घरून तुला महिन्याला सहा हजार येतात, त्यातले तीन हजार दोनशे मेसला जातात. मग पहिला हप्ता कशातून भरणार? शिष्यवृत्तीतून, हेच तुझ्या मनात असणार. ती कधी येईल ते कुणी सांगू शकत नाही, हप्ता मात्र तिसाव्या दिवशी दारात उभा. तो चुकला की सिबिलवर डाग, आणि पुढे शैक्षणिक कर्ज काढायला गेलास की बँक तोच डाग दाखवते.

ॲपने फोनमधल्या नंबरांची परवानगी मागितली का, ते तू लिहिलं नाहीस. मागितली असेल तर ॲपच लगेच काढून टाक. कर्ज देणाऱ्या ॲपने कॉन्टॅक्ट, कॉल लॉग, फोटो यांना हात लावायचा नाही, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. सगळे खर्च धरून वार्षिक दर किती पडतो ते सांगणारा कागदही कर्जाआधी द्यावा लागतो. तुझ्या स्क्रीनशॉटमध्ये तो कुठेच नाही. नियमातल्या ॲपची यादी २०२५ पासून रिझर्व्ह बँकेच्या संकेतस्थळावर आहे, तिथे हे नाव शोध.

आता झुब्यांचं. तुला लाज वाटते ती समजते. मीही हॉस्टेलला असताना खाणावळवाल्याची तीन महिन्यांची उधारी ठेवली, पण घरी कळवलं नाही. शहाणपणा नव्हता तो. आई आपणहून देतेय, आणि तुझ्या अडचणीला हेच कर्ज नेमकं बसतं. बँकेच्या सोनेतारण कर्जात बहुधा दरमहा हप्ता नसतो, वर्षाच्या आत मुद्दल-व्याज एकदम भरता येतं. म्हणजे शिष्यवृत्ती चार महिन्यांनी आली तरी चालेल. दर दहा टक्के धरला तर वीस हजारांवर चार महिन्यांचं व्याज साधारण ६७० रुपये. मूल्यांकनाचं शुल्क वेगळं, तेही काहीशे रुपयेच.

बँकेतला सोनार झुबे कसाला लावून बघेल, वजन करेल आणि खड्यांचं वजन वजा करेल. ते पाहून आईचा चेहरा उतरू देऊ नकोस, त्यांचं कामच आहे ते. सध्याच्या भावात चार-पाच ग्रॅमवर वीस हजार सहज बसतात. जास्त देतो म्हणाले तरी घेऊ नकोस. मुदत कोणत्या तारखेला संपते ते पावतीवरून मोबाईलमध्ये टाकून ठेव. ती तारीख विसरलास तर झुब्यांचा लिलाव होऊ शकतो.

मात्र औशाची एसटी धरण्याआधी दोन कामं कर.

कॉलेजच्या ऑफिसात फीची फोड माग. शाहू योजनेत शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क यांचा निम्मा वाटा शासन देतं. थकबाकीत तो वाटाही धरला असेल, तर मंजुरीच्या पानाची प्रत जोडून प्राचार्यांना अर्ज कर, त्यात उरलेल्या फीचे हप्ते पाडून द्या असंही लिही, आणि आवक-जावकचा शिक्का घे. तोंडी विनंत्या खिडकीतच राहतात. कदाचित वीसऐवजी आठ-दहा हजारांवरच भागेल.

दुसरं बँकेतलं. शिष्यवृत्ती आधारशी जोडलेल्या खात्यात येते. दोन बँकांत खाती असली तर आधार शेवटी जिथे जोडलं तिथे पैसे जातात. गावच्या बँकेतलं खातं तू दहावीला उघडलं होतंस ना? वर्षभर बंद पडलेल्या अशा खात्यापायी रक्कम अडकल्याची दोन उदाहरणं याच महिन्यात माझ्याकडे आली. सोमवारी शाखेत जाऊन आधार कोणत्या खात्याला जोडलंय ते विचार.

रूममेट पाच हजार देतो म्हणालाय, ते घे. त्याला परत करायची तारीख मात्र आधीच सांग.