रात्री गाडी चार चाकांवर

गावभाग, सांगली

चि. पोरी,
अनेक आशीर्वाद.

आजोबांच्या जुन्या फियाटचे फोटो मिळाले. बॉनेट भिंतीला टेकवलेलं, चाकं कोपऱ्यात एकावर एक, सीट अंगणात आणि गाडी विटांवर. खाली लिहिलंयस, ‘काका, दोन रविवारांत निम्मी गाडी खोलली!’ कौतुक करावं की कान धरावा, ठरेना. आधी त्या विटा काढ. वीट सांगून फुटत नाही. जाड लाकडी ठोकळे नाहीतर लोखंडी घोडी लाव. आणि नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली डोकं घालायचं नाही, पाच मिनिटांसाठीसुद्धा.

माझी फियाट १९६८ ची, डिलाइट. २००९ साली घेतली आणि २०२२ च्या दसऱ्याला रस्त्यावर आली. या तेरा वर्षांतली निदान चार मी तुझ्यासारखं वागण्यात घालवली. २०१९ च्या ऑगस्टमध्ये गाडी ठोकळ्यांवर होती, चाकं रिम रंगवायला दिलेली. कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी ४५ फूट ही पुराची धोक्याची पातळी. पाणी चाळिशीला आलं तशी गल्लीतली माणसं आपापल्या गाड्या विश्रामबागेकडे हलवायला लागली. ढकलायला दहा पोरं दारात उभी होती, पण चाकं नसलेली गाडी ढकलणार कशी? त्या वर्षी पाणी ५७ फुटांवर गेलं. मी माडीवरून बघत होतो. आधी बंपर गेला, मग हेडलाइट, मग नुसतं टप दिसत राहिलं, मग तेही दिसेना.

पाणी ओसरल्यावर गिअरबॉक्समधून दुधाच्या चहासारखं ऑइल निघालं. डिफरन्शियलमध्ये पाणी, ब्रेकच्या ड्रमात चिखल, आणि दाराखालच्या उंबऱ्यांच्या पोकळीत कृष्णेचा गाळ. हा गाळ फार वाईट. वरून पत्रा कोरडा दिसतो आणि आत वर्षभर ओल धरून राहते. नट-बोल्ट मी श्रीखंडाच्या डब्यांत चिठ्ठ्या घालून ठेवले होते. पेनानं लिहिलेल्या सगळ्या चिठ्ठ्या धुऊन निघाल्या, शिसपेन्सिलीच्या चार वाचता आल्या. तेव्हापासून मी पेन्सिलीनंच लिहितो.

त्यानंतर नियम केला: संध्याकाळी दिवा लावायच्या वेळी गाडी चार चाकांवर पाहिजे आणि ढकलली तर हलली पाहिजे. २०२१ च्या जुलैत पाणी पुन्हा चढलं, तेव्हा इंजिन चालू नव्हतं, दारं नव्हती, पण स्टेअरिंग आणि हँडब्रेक होता. सहा जणांनी ढकलत कोरड्या जागी नेली.

तू म्हणशील, आमची साताऱ्यातली शाहूपुरी उंचावर, इथं कुठली नदी येते. कबूल. पण हा नियम एकट्या पुरासाठी नाही. गाडी रात्री चाकांवर उभी करायची म्हटलं की दिवसाला किती खोलायचं, हे आपोआप ठरतं. मागचे ब्रेक उघडले की ते बसल्याशिवाय पुढच्यांना हात लावता येत नाही. लोकांच्या गाड्या अर्धवट राहतात त्या पैशांपायी कमी आणि सगळं एकदम खोलून ठेवल्यापायी जास्त. तीन वर्षांनी डबा उघडावा तर हा वॉशर कुठला, कुणाला आठवतंय? मग एक दिवस भंगारवाला येतो, वजनावर भाव सांगतो, आणि तो भाव बरा वाटायला लागतो.

पत्र्याच्या कामात तर या नियमाला पर्यायच नाही. फियाटला वेगळी चासी नसते, बॉडीच सगळा भार पेलते, आणि दाराखालचा उंबरा हा त्यातला मुख्य वासा. गाडी ठोकळ्यांवर टांगून दोन्ही उंबरे एकदम कापलेस तर मधली बॉडी बसते, आणि नवा पत्रा वेल्ड केल्यावर कळतं की दार लागत नाही. चाकांवर उभी असतानाच, एका वेळी एकच बाजू कापायची. त्याआधी दाराच्या चौकटीत लोखंडी पट्टीचा आडवा टेकू टाचून घ्यायचा. आणि डेंटरनं ‘ताई, लांबी भरून देतो, कळणार पण नाही’ म्हटलं की चहा पाजून वाटेला लाव. लांबी म्हणजे पुट्टी, ती गंजावर बसत नाही, गंज तिच्याखाली वाढतो.

पान्याच्या आधी कागद. आजोबांची गाडी १९७३ ची, म्हणजे प्रेसिडेंट. पद्मिनी हे नाव १९७४ पासूनचं, लोक मात्र सगळ्यांनाच फियाट म्हणतात. आरसी अजून आजोबांच्या नावावर असेल तर वारसाच्या नावावर करून घे. पन्नाशी ओलांडलेल्या गाड्यांसाठी २०२१ पासून ‘व्हीए’ अक्षरांची वेगळी नोंदणी निघाली आहे: फी २०,००० रुपये, मुदत दहा वर्षं. पण त्या नंबरवर गाडी रोज वापरता येत नाही, आणि बॉडी-इंजिन मूळचं लागतं. म्हणून कुणी डिझेल इंजिन बसवायचा सल्ला दिला तर ऐकू नकोस. तुझं १०८९ सीसीचं मूळ इंजिन जाम झालेलं असलं तरी मेलेलं नाही. प्लग काढ, प्रत्येक सिलिंडरमध्ये थोडं ऑइल सोड, आठ दिवस वाट बघ, मग हातानं फिरव. स्टार्टर मारायची घाई नको.

पेट्रोलचं मात्र नीट ऐक. आता पंपावर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं. आपल्याच उसाचं, पण आपल्याच जुन्या गाड्यांच्या मुळावर. जुन्या रबराच्या नळ्या त्यानं मऊ पडतात, गाडीतल्या पेट्रोल ओढणाऱ्या पंपाचा पडदा जातो, आणि उभ्या गाडीच्या टाकीत ते हवेतली ओल ओढून घेतं. साताऱ्याच्या पावसात तर विचारूच नको. सगळ्या नळ्या नव्या, इथेनॉल चालेल अशाच टाक आणि टाकीत लागेल तेवढंच पेट्रोल ठेव. ब्रेक उघडशील तेव्हा ड्रममधली धूळ फुंकू नकोस. जुन्या लायनिंगमध्ये ॲस्बेस्टॉस असायचं. ओल्या फडक्यानं पुसून घे आणि फडकं पिशवीत बांधून टाक.

रंगाचं एवढ्यात बोलूच नये. तरी सांगतो: पावसाळ्यात मारलेला रंग पांढरट पडतो. म्हणून मी दिवाळीनंतर मारला, तर गळीत हंगाम सुरू झालेला. साखर कारखान्याच्या चिमणीची काजळी ओल्या टपावर येऊन बसली, तिळगुळावर तीळ बसावेत तशी. अजून आहे. आमची ही म्हणते, नजर लागू नये म्हणून बरं.

सामानासाठी कुर्ल्याला एक फेरी मार. या गाड्या कुर्ल्यातच बनायच्या, आणि मुंबईत टॅक्सी मोडीत निघाल्या तसं त्यांचं बरंच सामान तिथल्याच भंगारबाजारात आलं. जुना भाग सोबत ने, मोबाइलमधला फोटो चालत नाही. आणि साताऱ्यातच एखादा निवृत्त फिटर शोध. तुमच्या गावात प्रिया स्कूटर बनायची, त्या कारखान्यातला कुणी भेटला तर सोडू नकोस. आटे गेलेला बोल्ट बाहेर कसा काढायचा, हे अशा माणसाच्या मनगटात असतं. त्याला पैसे विचारण्याआधी चहा विचार.

मी दिवाळीनंतरच्या दुसऱ्या रविवारी येतो. तोवर चारही चाकं बसवून ठेव, टायर चपटे असले तरी चालतील. मागच्या ब्रेकचा एक व्हील सिलिंडर काढून आतल्या भोकाचं माप घे, पट्टीनं नको, व्हर्नियरनं, आणि कळव. रबर किट इथून घेऊन येतो. आणि त्या सीट आधी अंगणातून आत घे. उंदरांचं बाळंतपण तिथंच होणार आहे.

तुझा,
काका