आळंदीला जा, पण मुक्कामाला जा

बाळा, अनेक आशीर्वाद.

परवा तू फोनवर म्हणालास, "काका, तुम्ही सांगितलं म्हणून आळंदीला जाऊन आलो. काहीच वाटलं नाही." कधी गेलास? सकाळी आठला. परत कधी आलास? दीड वाजता अभ्यासिकेत हजर. फोन ठेवला तेव्हा मी तुझ्यावर चिडलो होतो. रात्री मात्र तुझा तो पडलेला आवाज कानातून जाईना. राज्यसेवेचा चौथा प्रयत्न थोडक्यात हुकलाय आणि दिवाळीत गावी गेल्यावर आईला काय सांगायचं, याचाच घोर तुला लागलाय. म्हणून लिहायला बसलो.

मी तुला मुक्काम कर म्हटलं होतं. दर्शन घेऊन ये असं म्हटलंच नव्हतं. समाधीवर डोकं टेकवलंस तेव्हाही तुझ्या डोक्यात परतीची बस होती ना? मग माउलींनी बोलावं तरी कोणाशी?

पुण्याहून आळंदी जेमतेम 25 किलोमीटर. तेवढ्यासाठी कसला मुक्काम, असं मलाही वाटायचं. 1987 साली वडील म्हणाले, "आजची रात्र थांबू रे, सकाळी काकड्याला बसू." मला नवी नोकरी, दुसऱ्या दिवशी साहेबांपुढे हजर व्हायचं होतं. त्यांना जवळजवळ ओढतच गाडीत बसवलं. गाडी सुटेपर्यंत ते खिडकीतून देवळाच्या बाजूला बघत होते. पुढच्या कार्तिकीला ते नव्हते. साहेबांनी त्या दिवशी मला काय काम दिलं होतं, ते आज आठवतही नाही.

तेव्हापासून महिन्यातली एक रात्र मी तिथे काढतो. घरी बोलणी खाल्ली. मुलीच्या बारावीच्या निकालाच्या आदल्या रात्रीही मी आळंदीत होतो, त्याचा राग तिच्या मनात अजून असेल. लोक म्हणाले, हा संसारातून पळतो. पळालो असतो तर दर वेळी सकाळी परत कशाला आलो असतो? मी परत यायची ताकद आणायला जात होतो. हे मी घरी कधी नीट सांगू शकलो नाही, तुला सांगतोय.

तर मुक्काम कर. कार्तिकीच्या गर्दीत जाऊ नकोस, मधला साधा वार बघ. इंद्रायणीवर फेस दिसेल, तो पाहून जीव तुटतो; माझाही तुटतो. तरी घाटावर बस. दिवे लागले की गाड्यांतून आलेले लोक पांगतात आणि गाव उरतं. कुठेतरी हरिपाठ सुरू होतो. मागच्या खेपेला धर्मशाळेत परभणीकडच्या एक आजी होत्या. त्यांनी फडक्यातली ज्वारीची भाकरी मोडली, अर्धी माझ्या हातावर ठेवली, वर ठेच्याचा गोळा. "कोणतं गाव, माउली?" एवढंच विचारलं. काय करता, किती कमावता, काही नाही. तुला गेल्या चार वर्षांत निकालाशिवाय कोणी काही विचारलंय का?

पहाटे काकड्याला उठ. परतताना गल्लीतून पखवाजाचा आवाज येईल. जोग महाराजांनी 1917 साली सुरू केलेली वारकरी शिक्षण संस्था इथलीच. कीर्तन, पखवाज शिकायला खेड्यापाड्यांतली पोरं या गावात येऊन राहतात. एकदा मी एका खिडकीखाली उभा होतो. आत दहा-बारा वर्षांचा पोरगा एकाच बोलावर अडखळत होता. गुरुजी रागावले नाहीत, फक्त म्हणायचे, "पहिल्यापासून." मी होतो तोवर सात-आठ वेळा तरी पहिल्यापासून झालं.

मग सिद्धबेटावर जा. आईवडिलांनी देहान्त प्रायश्चित्त घेतलेलं, गावाने वाळीत टाकलेलं, अशा चार भावंडांची ती जागा. ज्यांनी पुढे पसायदान मागितलं, तेही एकदा लोकांच्या बोलण्याने कष्टी होऊन झोपडीची ताटी लावून आत बसले होते. धाकट्या मुक्ताईने बाहेर उभं राहून त्यांची समजूत घातली, तेच ताटीचे अभंग. तू तीन आठवडे खोलीला कडी घालून बसला आहेस, म्हणून सांगतोय. ते अभंग तिथे बसून वाच. हळू वाच, नोट्स काढू नकोस!

पाचवा प्रयत्न करायचा की नाही, हे मला विचारू नकोस. आधी मुक्काम कर. "एक दिवस वाया जाईल" असं पुन्हा म्हणालास तर मला खरंच राग येईल. मीही तेच म्हणालो होतो, वडिलांना.

पुढच्या बुधवारी दुपारी निघ. धर्मशाळेत सतरंजी मिळते, पांघरूण आपलं न्यावं लागतं. पहाटे नदीकाठी गारठा असतो. तुझ्याकडे धड काही नसेल तर जाताना घरी ये. वडिलांची शाल आहे, ती देतो.

तुझा,
काका