फोन आणि संगणक एकाच केबलवर

प्रश्न : आमच्या ऑफिसात १८ संगणक आणि १४ आयपी फोन आहेत. भिंतीतली केबल फोनला आणि फोनमधून पुढे संगणकाला, अशी जोडणी आहे. कुणी मोठी फाइल इंटरनेटवर चढवायला घेतली की बाहेरच्या कॉलवर आवाज तुटतो. फोनसाठी वेगळ्या केबल आणि वेगळा स्विच घ्या, असा सल्ला मिळाला आहे. की नुसत्या व्हीलॅनने (एकाच केबलवर दोन वेगळी नेटवर्क ठेवण्याच्या स्विचच्या सोयीने) भागेल?

उत्तर : वेगळ्या केबल टाकू नका, खर्च फुकट जाईल. व्हीलॅन जरूर करा, पण तुमच्या या तक्रारीवर तो उपाय नाही. हे आधी ध्यानात घेतलं नाही तर सगळी मांडणी करूनही आवाज तसाच तुटत राहील.

हिशेब मांडून बघा. जी.७११ या कोडेकमध्ये (आवाजाचं डेटात रूपांतर करायच्या पद्धतीत) आवाजाचे सेकंदाला ६४ किलोबिट होतात. दर २० मिलिसेकंदांनी एक पॅकेट (डेटाचा तुकडा) निघतं, म्हणजे सेकंदाला ५० पॅकेट. प्रत्येकात आवाजाचे १६० बाइट आणि त्यावर आयपी, यूडीपी, आरटीपी यांच्या हेडरचे (पत्ता, क्रम वगैरे माहितीचे) ४० बाइट. इथरनेटचे आणखी १८ बाइट धरले की एका कॉलला एका दिशेने सुमारे ८७ किलोबिट लागतात. चौदाही फोन एका वेळी चालू असले तरी बेरीज जेमतेम सव्वा मेगाबिट. १०० मेगाबिटच्या जुन्या स्विचलाही हे जाणवत नाही.

कोंडी होते ती ऑफिसातून बाहेर पडण्याच्या वाटेवर. समजा तुमचा अपलोड वेग ५ मेगाबिट आहे आणि मोडेमच्या बफरमध्ये (तात्पुरत्या साठ्यात) फाइलचे २५० किलोबाइट साचले आहेत. ते बाहेर पडायला ०.४ सेकंद लागतात, आणि त्यांच्या मागे येणारं आवाजाचं पॅकेट तेवढा वेळ रांगेत ताटकळतं. एका दिशेचा एकूण विलंब १५० मिलिसेकंदांच्या आत असावा, असं आयटीयू या आंतरराष्ट्रीय दूरसंचार संस्थेची जी.११४ ही शिफारस सांगते. त्याच्या अडीचपटीहून जास्त वेळ या एका रांगेतच गेला. शिवाय बफर भरला की पॅकेट गळायला लागतात.

खात्री अशी करा. एका संगणकावरून बाहेरच्या एखाद्या पत्त्याला सतत पिंग (उत्तर यायला किती वेळ लागतो ते मोजणारा आदेश) लावून ठेवा आणि दुसऱ्यावरून मोठी फाइल चढवा. एरवी २० मिलिसेकंद असणारं उत्तर ३००-४०० वर गेलं, तर दोष अपलोडच्या रांगेचा. पिंग शांत राहूनही आवाज तुटत असेल तरच ऑफिसातल्या केबल, स्विच आणि पोर्टकडे वळा. त्यात पहिल्यांदा डुप्लेक्स (डेटा एका वेळी दोन्ही दिशांनी जातो की एकाच) तपासा : एका टोकाला ऑटो आणि दुसऱ्या टोकाला हाताने बसवलेलं १०० फुल असेल, तर ऑटो असलेलं टोक हाफ डुप्लेक्स धरतं आणि पोर्टवर एररचे आकडे चढत जातात.

रांगेचा उपाय राउटरवर करायचा. प्रत्यक्षात मिळणारा अपलोड वेग दिवसातून तीन-चार वेळा मोजा आणि सर्वांत कमी आकड्याच्या ९० टक्क्यांवर शेपिंग (वेगाची मर्यादा) लावा. दहा टक्के सोडून देणं जिवावर येतं, पण त्यामागे कारण आहे. रांग मोडेममध्ये लागली तर तिच्यावर तुमचा काही ताबा नसतो. तुमच्या राउटरमध्ये लागली तर आधी कुणाला सोडायचं ते तुम्ही ठरवता. मग डीएससीपी (पॅकेटवरचा प्राधान्याचा आकडा) ४६ म्हणजे ईएफ हा शिक्का असलेल्या पॅकेटांना सर्वांत वरची रांग द्या आणि तिला मर्यादाही घाला. १४ कॉलसाठी दीड मेगाबिट पुरे. मर्यादा नसेल तर चुकून तोच शिक्का घेऊन आलेला दुसरा कुठलाही डेटा सगळी लाइन गिळून बसेल. राउटरमध्ये एफक्यू-कोडेल किंवा केक या रांग आटोक्यात ठेवणाऱ्या पद्धतींची सोय असेल तर ती चालू करा. लहान ऑफिसात बऱ्याचदा एवढ्यानेच आवाज सुधारतो.

प्रश्न : मग व्हीलॅन कशासाठी करायचा?

उत्तर : फोन आणि संगणक एकमेकांच्या वाटेत येऊ नयेत म्हणून. संगणकांचे ब्रॉडकास्ट (सगळ्यांना उद्देशून पाठवलेले निरोप) फोनपर्यंत पोचत नाहीत. राउटरवर दोन्हींमधली वाट बंद केली तर व्हायरस लागलेला संगणक फोनच्या सेटिंगच्या पानाशी खेळू शकत नाही. फोनना स्वतःची डीएचसीपी रेंज (आपोआप वाटल्या जाणाऱ्या पत्त्यांची) मिळते, त्यामुळे पाहुण्यांच्या मोबाइलनी पत्ते संपवले तरी फोन बंद पडत नाहीत. आणि राउटरवर नियम लिहिणं सोपं होतं : ‘या सबनेटमधून (पत्त्यांच्या गटातून) येणारं सगळं आधी सोड.’ प्राधान्य मात्र तो नियम देतो, व्हीलॅन आपण होऊन काहीच देत नाही. व्हीलॅनच्या ८०२.१क्यू या मानकातल्या चार बाइटच्या टॅगमध्ये (पॅकेटला लावलेल्या खुणेत) प्राधान्यासाठी तीन बिट असतात खरे, पण स्विचला ते मानायला सांगितलेलं नसेल तर ते नुसते प्रवास करतात.

प्रश्न : मांडणी नेमकी कोणत्या क्रमाने करावी? मागच्या वेळी प्रयत्न केला तेव्हा स्विचच्या सेटिंगपर्यंतच पोचता येईना.

उत्तर : क्रम चुकला की हेच होतं. ज्या वाटेने तुम्ही स्विचमध्ये शिरता तीच वाट तुम्ही बदलत असता. म्हणून स्विचचा एक पोर्ट जसा आहे तसा राखून ठेवा, लॅपटॉप थेट त्याला जोडा आणि काम संपेपर्यंत तो पोर्ट बदलू नका.

व्हीलॅनचा क्रमांक १ ते ४०९४ पैकी कोणताही चालतो. आपण डेटासाठी १० आणि फोनसाठी २० धरू. आधी राउटरवर दोन्ही उभे करा : १० साठी १९२.१६८.१०.१, २० साठी १९२.१६८.२०.१, दोन्हींचं सबनेट /२४ आणि दोन्हींना वेगळी डीएचसीपी रेंज. फोनच्या रेंजमध्ये ऑप्शन ६६ खाली प्रोव्हिजनिंग सर्व्हरचा पत्ता लिहा. बरेच फोन तिथूनच आपली सेटिंग उचलतात. मग स्विचवर दोन्ही व्हीलॅन तयार करून राउटरकडे जाणाऱ्या पोर्टवर दोन्ही टॅग करा. त्यानंतर टेबलाचा एकच पोर्ट घ्या : व्हीलॅन १० अनटॅग्ड, व्हीलॅन २० टॅग्ड, पीव्हीआयडी (टॅग नसलेलं पॅकेट कोणत्या व्हीलॅनमध्ये घ्यायचं तो क्रमांक) १०. पीव्हीआयडी विसरणं ही सर्वांत जास्त होणारी चूक आहे. काही स्विचवर अनटॅग्ड व्हीलॅन बदलला तरी पीव्हीआयडी १ च राहतो, मग संगणकाचं पॅकेट आत येताना एका व्हीलॅनमध्ये आणि उत्तर दुसऱ्यात, अशी फाटाफूट होते.

फोनला ‘तुझा व्हीलॅन २०’ हे कळवायचं काम एलएलडीपी-मेड करतं. स्विचवर ते चालू करा आणि व्हॉइस व्हीलॅन म्हणून २० द्या. एका फोनला २० च्या रेंजमधला आणि त्याच्या मागच्या संगणकाला १० च्या रेंजमधला पत्ता मिळाला, कॉल लागला, की मगच उरलेले पोर्ट बदला. शेवटी सेटिंग सेव्ह करा. चालू सेटिंग आणि साठवलेली सेटिंग वेगवेगळी असणारे स्विच पुष्कळ आहेत, आणि सेव्ह न केलेलं सगळं पहिल्याच वीजखंडात पुसलं जातं.

प्रश्न : दोन फोन हट्टाने संगणकांच्याच रेंजमधला पत्ता घेतात. बाकीचे बारा नीट आहेत.

उत्तर : त्या दोन टेबलांखाली एखादा छोटा साधा स्विच लावलेला आहे का ते आधी बघा. एलएलडीपीचा निरोप शेजारच्या उपकरणापुरताच असतो. नियम पाळणारा स्विच तो पुढे जाऊ देत नाही, त्यामुळे पलीकडच्या फोनला व्हीलॅन कळतच नाही. साधा स्विच काढता येत नसेल तर फोनच्या मेनूत व्हीलॅन २० हाताने भरा. तो टॅग बहुतेक साध्या स्विचमधून सुखरूप जातो.

मधे काही नसेल तर फोनच्याच सेटिंगमध्ये एलएलडीपी बंद आहे का ते पाहा. तिसरी शक्यता स्पॅनिंग ट्रीची (पॅकेट गोल फिरत राहू नयेत म्हणून स्विचमध्ये असलेल्या सोयीची). जुन्या पद्धतीच्या स्पॅनिंग ट्रीत पोर्ट जोडल्यावर १५ अधिक १५, म्हणजे ३० सेकंद तो काहीच पुढे सोडत नाही. तेवढ्यात एखादा फोन व्हीलॅन २० मधल्या पत्त्याची वाट बघून कंटाळतो आणि टॅगशिवायच पत्ता मागतो. टेबलाच्या पोर्टांना एज किंवा पोर्टफास्ट करा, म्हणजे ही वाट बघणं टळतं. त्यासोबत बीपीडीयू गार्डही (बीपीडीयू, म्हणजे स्पॅनिंग ट्रीचे निरोप, आले की पोर्ट बंद करणारी सोय) लावा, कारण फोनला दोन पोर्ट असतात आणि साफसफाई झाल्यावर कुणीतरी दोन्हींच्या केबल भिंतीत खोचतंच. फोन ते बीपीडीयू पलीकडे जाऊ देत असेल तर लूप तयार होऊन सगळं ऑफिस ठप्प होण्याऐवजी तेवढा पोर्ट बंद पडतो.

प्रश्न : व्हीलॅन केल्यापासून बाहेरून आलेले काही कॉल अर्ध्या मिनिटात तुटतात. काहींत समोरच्याचा आवाज येत नाही.

उत्तर : दोन्हींचं मूळ बहुधा राउटरमध्येच आहे. ३२ सेकंदांच्या आसपास तुटणारा कॉल ही एसआयपीची (कॉल जोडण्या-तोडण्याच्या नियमावलीची) ओळखीची खूण. कॉल उचलल्याचा निरोप गेला, पण त्याची पोच परत आली नाही. निरोप पुन्हा पुन्हा पाठवून ३२ सेकंदांनी कॉल सोडून दिला जातो. पोच हरवते कारण निरोपात फोनचा आतला १९२.१६८ वाला पत्ता लिहिलेला असतो, किंवा राउटरमधल्या एसआयपी एएलजीने (निरोपातले पत्ते बदलणाऱ्या सोयीने) तो भलताच बदललेला असतो. एएलजी बंद करा. मदतीपेक्षा घोळच जास्त घालतो. पीबीएक्स (तुमचं टेलिफोन एक्स्चेंज) ऑफिसातच असेल तर त्यात तुमचा बाहेरचा पत्ता आणि आतली दोन्ही सबनेट नीट भरली आहेत का ते पाहा. नव्या सबनेटची नोंद राहून जाणं हेच व्हीलॅन केल्यानंतरच्या बिघाडाचं नेहमीचं कारण.

एकाच बाजूचा आवाज म्हणजे आरटीपी (आवाज वाहणारी पॅकेट) एका दिशेने अडतंय. फायरवॉलमध्ये एसआयपीचा ५०६० पोर्ट उघडून काम संपत नाही, आवाज वेगळ्या यूडीपी पोर्टांवरून जातो. त्यांची रेंज पीबीएक्सच्या सेटिंगमध्ये असते (अ‍ॅस्टेरिस्क या पीबीएक्स सॉफ्टवेअरच्या नमुना फाइलमध्ये १०००० ते २००००). पण ही रेंज सगळ्या जगाला उघडी करू नका, सेवा देणाऱ्याच्या पत्त्यांपुरतीच ठेवा.

प्रश्न : निम्मे लोक लॅपटॉपवरच्या सॉफ्टफोनवरून, वायफायवर बोलतात. त्यांचं काय?

उत्तर : त्यांचा आवाज डेटाच्या व्हीलॅनमधूनच जाणार, कारण लॅपटॉप तिथे आहे. आख्खा लॅपटॉप फोनच्या व्हीलॅनमध्ये टाकलात तर वेगळेपणाचा मुद्दाच संपला. त्यांच्यासाठी राउटरवरचा नियम सबनेटवर बेतू नका. सेवेचा पत्ता आणि पोर्ट यांवर बेता, नाहीतर डीएससीपी शिक्क्यावर. विंडोजमध्ये हा शिक्का प्रोग्रॅमनुसार ठरवायची सोय ग्रुप पॉलिसीत आहे.

वायफायवर डब्ल्यूएमएम (आवाज, व्हिडिओ यांना वेगळ्या रांगा देणारी सोय) चालू हवं. तिथे एक बारकी अडचण आहे. अनेक अ‍ॅक्सेस पॉइंट डीएससीपीचे वरचे तीनच बिट बघतात. ४६ चे वरचे तीन बिट म्हणजे ५, आणि डब्ल्यूएमएममध्ये ५ हा आकडा व्हिडिओच्या रांगेचा. आवाजाची रांग ६ आणि ७ ची. म्हणून मॅपिंगचा तक्ता बदलता येत असेल तर ४६ ला ६ वर बसवा. इंटरनेटच्या मानकांपैकी आरएफसी ८३२५ हेच सांगतो.

प्रश्न : १४ फोनसाठी पीओई (केबलमधूनच वीज देणारा) स्विच घेताना किती वॅटचा घ्यावा?

उत्तर : पोर्ट किती हे मोठ्या अक्षरात छापलेलं असतं, एकूण वॅट बारीक अक्षरात. तेच वाचा. पीओईच्या ८०२.३एएफ या मानकाप्रमाणे स्विच एका पोर्टला जास्तीत जास्त १५.४ वॅट देतो. फोन क्लास २ चे (क्लास म्हणजे वीज लागण्याची श्रेणी) असतील तर प्रत्येकी ७ वॅट धरा : १४ फोनना ९८. क्लास ३ चे रंगीत पडद्याचे फोन असतील तर हिशेब थेट १५.४ ने करावा लागतो, म्हणजे २१६ वॅटच्या जवळ. बजेट कमी पडलं तर शेवटी जोडलेले फोन उठतच नाहीत किंवा वीज आल्यावर आळीपाळीने बंद-चालू होत राहतात. यूपीएसवर स्विचबरोबर राउटर आणि मोडेमही घ्या; मोडेमची वीज गेली तर फोनचे पडदे उजळलेले राहतील, पण बाहेरचा कॉल लागणार नाही.